धुऱ्यावरचा बर्फ

एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकात हिमवृष्टी होती, म्हणून तीही शिकवली. फळ्यावर ढग काढायचा, त्याखाली खडूनं टिंबं द्यायची आणि म्हणायचं, "ही हिमवृष्टी." एकदा मागच्या बाकावरचं पोरगं उठून म्हणालं, "गुरुजी, काल ह्येच चित्र गारपिटीचं होतं." मी त्याला खाली बसवलं. गारपीट मी पाहिलेली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर जी कोसळली, तीत माझा गहू आडवा झाला आणि हरभरा दिसेनासा झाला. बर्फ मात्र मला फक्त रसवंतीवर भुशात गुंडाळून येणाऱ्या लादीपुरता माहीत. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात त्याहून जास्त बर्फाची कुणाला गरजही पडलेली नाही.

अशा माणसानं मिनेसोटातला बर्फ कसा काढावा यावर सल्ला दिला. एकट्यानं नव्हे, अख्ख्या गावाला सोबत घेऊन दिला.

माझा पुतण्या मिनियापोलिसच्या बाहेर राहतो. लहानपणी आमच्याच घरी वाढला, साखऱ्याच्या शाळेत माझ्या हातचा मार खाल्ला, नांदेडला इंजिनिअर झाला आणि निघून गेला. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचा एक फोटो आला. खाली दोनच शब्द होते : "काका, घेतला." फोटोत एक ठेंगणा ट्रॅक्टर, समोर बकेट, मागं कसलं तरी यंत्र आणि चाकाला टेकून उभा असलेला पुतण्या. ट्रॅक्टर घेतल्यावर माणूस त्याला टेकूनच उभा राहतो, हे साता समुद्रापलीकडेही बदललेलं नाही याचं मला बरं वाटलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्या ट्रॅक्टरचं जे झालं त्यात कंपनीचा दोष नाही.

फोटो घेऊन मी स्टँडवरच्या हॉटेलात गेलो. तिथं तात्या असतात. तात्यांनी आयुष्यात चार ट्रॅक्टर विकत घेतले आणि पाच विकले. हा हिशेब गावात अजून कुणाला लागलेला नाही, पण ट्रॅक्टरबाबत शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि पुतण्याला तिथल्या तिथं फोन लावायला लावला.

"किती हॉर्सपॉवर?"

"पंचवीस, तात्या."

"जमीन किती?"

"एक एकर."

"त्यात काय लावतो?"

"गवत."

"जनावरं किती?"

"एक कुत्रं आहे."

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, पोराला कर्ज किती झालंय ते इचारा."

पुतण्यानं समजावलं. रस्त्यापासून घरापर्यंत दोनशे फूट वाट आहे. बर्फ पडला की ती बुजते. फावड्यानं काढता काढता गेल्या साली कंबर धरली, म्हणून ट्रॅक्टर. मागचं यंत्र बर्फ ओढून घेतं आणि धुराड्यासारख्या नळीतून लांब फेकतं. तात्यांनी यंत्र ओळखलं. "हा तर हडंबाच हाय!" आणि ते फारसं खोटं नाही. आमचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, ट्रॅक्टरच्या ज्या पीटीओच्या दांड्यावर फिरतो त्यावरच तेही फिरतं. मिनिटाला ५४० फेरे, साखऱ्यात तेवढेच आणि मिनेसोटातही तेवढेच.

"हडंब्यात एकीकडून भुसा जातो, एकीकडून माल पडतो," तात्या म्हणाले. "ह्याच्यात माल कुठून निघतो?"

"माल नाही तात्या."

"नुसता भुसा?"

"नुसता भुसा."

हॉटेलात बराच वेळ कुणी बोललं नाही. माल न देणाऱ्या हडंब्यासाठी डिझेल जाळणारा देश श्रीमंत कसा झाला, याचा प्रत्येकजण आपापल्या परीनं विचार करत होता.

मी हसलो असतो, पण माझ्या दारात अठरा हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर उभा आहे. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा सौ. म्हणाली होती, "सहा एकराला ट्रॅक्टर कशाला?" मी तिला हळदीचे बेड, कपाशीतली कोळपणी, तुरीतली फवारणी असं सगळं कागदावर मांडून दाखवलं. कागद अजून आहे. ट्रॅक्टरनं आजवर केलेली कामं अशी : मेहुण्याची चिखलात रुतलेली जीप ओढणं, गणपतीची मिरवणूक, सौ.च्या माहेरची दोन लग्नं, आणि सोसायटीत खत आलंय का हे बघायला रोज एक चक्कर. कोळपणी बैलांनीच होते, कारण माझ्या हातून ट्रॅक्टर ओळीत चालत नाही. गेल्या साली कपाशीची अकरा झाडं गेली. सौ.नं ती मोजली होती.

डिसेंबरात मोठा बर्फ पडला. मिनेसोटातले पहाटेचे पाच म्हणजे आमचे दुपारचे साडेचार, म्हणजे नेमकी चहाची वेळ. पुतण्यानं फोन ट्रॅक्टरवर अडकवून व्हिडिओ कॉल लावला. इकडं हॉटेलात माकडटोप्या घातलेली पंधरा-वीस माणसं गोळा झाली. आमच्याकडे आदल्या रात्री चौदा डिग्री झालं होतं आणि सगळे अजून कुडकुडत होते. पुतण्या म्हणाला, "इथं उणे अठरा आहे." एकानं विचारलं, "उणे म्हंजी अजून किती पडायचं बाकी हाय?" मी भूगोलाचा मास्तर, मी समजावायला उठलो. मला खाली बसवण्यात आलं.

ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. पुतण्या म्हणाला, डिझेल घट्ट झालंय. डिझेलात मेणासारखा अंश असतो, कडक थंडीत तो गोठतो आणि फिल्टर तुंबतो. तिकडं हिवाळ्यात वेगळं डिझेल भरतात किंवा त्यात औषध टाकतात, आणि हा ते विसरला होता. आमच्याकडे हा प्रश्न फक्त खोबरेल तेलाचा असतो आणि त्यावर शेकडो वर्षांचा अनुभव आहे.

"बाटली उन्हात ठेव," चहावाले मामा म्हणाले.

"मामा, ऊन नाही."

"मग चुलीपाशी ठेव."

"डिझेल?"

मामा चहा गाळायला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं इंजिनाचा हीटर लावायला सुरुवात केली. रात्री ट्रॅक्टरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये घालायची, इंजिन रात्रभर कोमट राहतं. हे ऐकून हॉटेलात जो हुंकार निघाला तो मला अजून ऐकू येतो. आमच्या मोटारीला पाळीपाळीनं रात्रीची लाईट. हरभऱ्याला पाणी द्यायला माणसं बॅटरी घेऊन सापाविंचवातून जातात. तिकडं ट्रॅक्टर झोपलेला असतो आणि त्याच्या उशाला रात्रभर लाईट. "पुढच्या जन्मी ट्रॅक्टर व्हावं, पण तिकडचा," कुणीतरी म्हणालं.

मग वजनाचा प्रश्न निघाला. समोरच्या बकेटमध्ये ओला बर्फ भरला की मागची चाकं उचलतात, ट्रॅक्टर जागेवर घसरतो. यावर साखऱ्यात एकमत होतं : मागं दोन माणसं बसव. पाटा मारताना आम्ही पोरं बसवतो, पोरांची हौस आणि ढेकळांचा भुगा एकाच तासात होतो. पुतण्या म्हणाला, इथं माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांना बसवलं तर पोलीस येतील. म्हणून लोक मागच्या टायरात बीटाचा रस भरतात. पाणी भरलं तर गोठतं, हा लवकर गोठत नाही आणि जडही असतो.

"कोणतं बीट? कोशिंबिरीचं?"

"साखरेचं. मिनेसोटाइतकं साखरबीट अमेरिकेत दुसऱ्या कोणत्याच राज्यात पिकत नाही. साखर काढून उरतं ते."

"म्हंजी मळी!" तात्या उभे राहिले. वसमतच्या पूर्णा कारखान्याला त्यांनी अनेक वर्षं ऊस घातलेला आहे, मळीचं पुढं काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "मळी टायरात भरतेत? आरं, मळीचे चांगले उपयोग पिढ्यानपिढ्या चालत आलेत."

रस्त्यावर मीठ टाकतात ही गोष्ट मात्र मी घरी सांगायला नको होती. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे मी शाळेत शिकवलेलं. ते नुसतं पुस्तकात न राहता रस्त्यावर आलेलं पाहून मला भरून आलं होतं. जेवताना आईला म्हणालो, "तिकडं टनांनी मीठ रस्त्यावर ओततात." आईचं वय पंच्याऐंशी. तिनं घास खाली ठेवला. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे तिनं आम्हा सगळ्या भावंडांना सांगितलेलं. बराच वेळ ती बोटांवर काहीतरी मोजत होती. शेवटी म्हणाली, "एवढ्या माणसाला पापण्या पुरायच्या न्हाईत. पोराला म्हणावं, तू टाकू नको." पुतण्यानं वाटेवर मीठ टाकणं खरंच बंद केलं आणि पंधरा दिवसांत दोनदा पडला.

आता या प्रकरणातल्या खऱ्या अन्यायाबद्दल. माणूस पहाटे पाचला उठतो, दोन तास खपून वाट साफ करतो, हात शेकत घरात जातो. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून सरकारी बर्फगाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला लोटत जाते. ती कड म्हणजे तुमच्या वाटेचं तोंड. दोन-तीन फूट उंच, घट्ट, ढेकळांचा बांध तुमच्या दारात घालून गाडी पुढं. पुतण्या हे सांगताना रडकुंडीला आला होता. हॉटेलातल्या प्रत्येकानं त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. शेतरस्त्याचं काम निघतं तेव्हा मुरमाचा ढीग नेमका आपल्याच वाटेच्या तोंडावर पडतो आणि वर्षभर पडून राहतो, हे दुःख साखऱ्याला नवीन नाही. "रडू नको," तात्या म्हणाले, "समोरच्या बाजूला कोणाचं वावर हाय?"

"कोणाचंच नाही. मोकळी जागा आहे."

"गायरान?"

"तसंच काहीसं."

"मग दे रस्ता वलांडून तिकडं लोटून. गायरानाला कोण इचारतंय?"

पुतण्या म्हणाला, असं रस्ता ओलांडून बर्फ लोटणं इथं कायद्यानं चालत नाही. तात्या म्हणाले, कायदा पाचला उठत नसतो. मी मधे पडायला हवं होतं. नागरिकशास्त्रही मीच शिकवायचो. पण वीस माणसं एकीकडे आणि नागरिकशास्त्र एकीकडे असा प्रसंग आला की मी नेहमीच चहाची ऑर्डर देतो. पुतण्यानं बर्फ पलीकडे लोटला. हॉटेलात टाळ्या पडल्या.

त्या हिवाळ्यात मिनियापोलिसच्या विमानतळावर अखेर नव्वद इंच बर्फ मोजला गेला. नोंदी ठेवायला लागल्यापासून हा तिसऱ्या क्रमांकाचा आकडा. हिवाळा अर्धाच झाला होता तेव्हाच मी मोठ्या अभिमानानं नव्वदीचा अंदाज हॉटेलात जाहीर केला आणि वर शास्त्रही सांगितलं : साधारण दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी होतं.

"म्हंजी नऊ इंच पाऊस?" तात्यांनी हिशेब केला. "सहा महिन्यांत? एवढा तर आपल्याकडं एका महिन्यात पडतोय, आन् आपण छत्रीवर भागवतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. फेब्रुवारीत मी तिकडं गेलो तो याच वाक्याच्या जोरावर. व्हिसा मागच्या खेपेचा होता, मागची खेप उन्हाळ्यातली होती. निघताना तात्यांनी बजावलं, "गुरुजी, पोरगं शिकल्यालं हाय, त्याला ट्रॅक्टर येत न्हाई. तुम्ही स्वतः एक पाळी घालून दाखवा. आम्ही बघायलोत."

पोचलो आणि पहिल्याच सकाळी एक गोष्ट खटकली. वाटेच्या दोन्ही बाजूंनी नारिंगी काठ्या रोवलेल्या होत्या. आमच्याकडे अशा खुणा दिसल्या की माणूस आधी सातबारा शोधतो. मी घाबरून विचारलं, "मोजणी आणली का रे कुणी?" पुतण्या हसला. बर्फाखाली वाट कुठवर आणि गवत कुठून सुरू, हे कळायला त्या काठ्या लावतात. मला ते पटलं नाही. रोजची आपली वाट, तिला काठ्या कशाला? माझ्या वावराचा धुरा, म्हणजे हद्द, मी अंधारात सांगतो.

तिकडचं सरकार मात्र कामाचं माणूस वाटलं. मिनेसोटाचं वाहतूक खातं बर्फगाड्यांना नावं ठेवायची स्पर्धा घेतं. नावं ठेवायची स्पर्धा आमच्या हॉटेलात बारमाही चालते, पण ही खरीखुरी नावं. २०२१ साली पहिल्या स्पर्धेत जिंकलेलं नाव होतं 'प्लाउई मॅकप्लाउफेस'. मी गेलो त्या फेब्रुवारीत 'यर अ ब्लिझर्ड, हॅरी' पहिलं आलं. लोक हजारोंनी मतं देतात. मी हे साखऱ्यात कळवलं. संध्याकाळपर्यंत तेरा सूचना आल्या, त्यांपैकी नऊ 'आई-वडिलांची पुण्याई' अशा होत्या.

मग २१ फेब्रुवारीला वादळ आलं आणि तीन दिवस बर्फ पडला. पुतण्याला ऑफिसची मीटिंग होती. मी म्हणालो, "तू बस. मी बघतो." त्याचा लोकरीचा डगला, सूनबाईचे हातमोजे, डोक्यावर साखऱ्याची माकडटोपी आणि छातीशी अडकवलेला फोन. फोनमध्ये अख्खं हॉटेल. मी ट्रॅक्टरवर चढलो तेव्हा तिकडून "गुरुजी!" असा एकच जयघोष झाला. निवृत्तीच्या समारंभातही मला एवढा मान मिळाला नव्हता.

काठ्या आड येत होत्या, म्हणून आधी त्या उपटल्या. मागं ब्लोअरऐवजी पाटी जोडून घेतली, कारण नुसता भुसा उडवणं मनाला पटेना. पाटी खाली टेकवली. वावरात टेकवतो तशी, पूर्ण.

पहिली पाळी झकास झाली. दुसऱ्या पाळीला बर्फ जरा काळपट यायला लागला. मला वाटलं तळाचा जुना बर्फ असेल. तात्यांना मात्र आठ हजार मैलांवरून ओळखू आलं. "गुरुजी, माती चांगली भुसभुशीत हाय. आता पेरायला हरकत न्हाई." मी मागं वळून पाहिलं. पुतण्याचं गवत, ज्याच्यावर तो उन्हाळाभर पाणी आणि पगार ओतत असतो, ते गालिच्यासारखं गुंडाळून पाटीपुढं येत होतं.

वळून पाहिलं तेव्हा हात स्टिअरिंगवर होता. मास्तरकीचा परिणाम असा की मी ज्या बाजूला पाहतो त्याच बाजूला सगळा वर्ग न्यायचा असतो. कट् असा आवाज झाला. रस्त्याच्या कडेला खांबावर टपालपेटी होती. नंतर नुसता खांब होता. पेटी बर्फाच्या ढिगात कुठंतरी गेली आणि त्यावर माझी तिसरी पाळी चढली.

"थांबू नका!" तात्या ओरडले. "ढीग शेजाऱ्याच्या अंगाला घ्या. धुरा चार फूट सरकवून टाका, बर्फाखाली कोणाला कळतंय!"

आणि मी तो सरकवला. हे मी कबूल करतो. तिथली जमीन मला नको होती, मरणाआधी तिथं जाऊन पेरायचंही नव्हतं. पण ढीग समोर, शेजाऱ्याची हद्द पलीकडे आणि हाताखाली लिव्हर, अशा वेळी मराठवाड्यातल्या माणसाचा हात कुणाचं ऐकत नाही. छातीएवढा उंच बांध मी शेजाऱ्याच्या हद्दीत चार फूट आत घालून दिला.

शेजारचा म्हातारा घरातून बाहेर आला. हॉटेलात सगळे पुढं सरकले. कुणीतरी चहावाल्या मामांना गॅस बंद करायला लावला. म्हातारा बांधापाशी आला, बांधाकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं आणि हात हलवून काही बोलला. पुतण्यानं खिडकीतून भाषांतर केलं : वाऱ्यानं बर्फ उडून त्याच्या दारात येतो, या भिंतीमुळं आता तो अडेल, म्हणून तो आभार मानतोय. शिवाय घरची गरम बिस्किटं आणून देतोय.

फोनमध्ये शांतता.

"भांडण न्हाई?" तात्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"कुऱ्हाड, काठी, काही?"

"बिस्किटं दिलीत."

"मग धुरा सरकवून काय उपयोग," असं म्हणून तात्यांनी फोन ठेवला. माझ्या साडेसात मिनिटांच्या कर्तबगारीबद्दल गावानं एक शब्द काढला नाही. पुढचे आठ दिवस हॉटेलात चर्चा होती ती अमेरिकेत शेजारी कसे निपजतात याची.

मार्चात मी परत आलो. गवताबद्दल पुतण्या काही बोलला नाही, सूनबाई विमानतळावर जरा जास्तच मनापासून सोडायला आली.

एप्रिलच्या मध्यावर त्याचा फोन आला. बर्फ वितळला होता. शेजाऱ्याच्या हद्दीतला माझा बांधही वितळला, चार फूट जमीन जिथल्या तिथं परत गेली आणि बांधाच्या पोटातून टपालपेटी निघाली. आत एकच पत्र होतं, भिजलेलं पण वाचता येणारं. नोटीस होती : रस्ता ओलांडून पलीकडे बर्फ लोटणं बेकायदा आहे, पुन्हा आढळल्यास दंड होईल. त्यानं पाठवलेल्या फोटोवरून मी ती हॉटेलात मोठ्यानं वाचून दाखवली.

तात्यांनी बशीतला चहा संपवला.

"तारीख कोणती हाय?"

"फेब्रुवारीतली."

"मग गेली," तात्या म्हणाले. "आता अपिलातच जावं लागंल."